घोडीच्या मानेवरची गाठ

माझ्या आयुष्यातलं पहिलं इंजेक्शन मी आमच्याच घोडीला टोचलं. टिटॅनसचा टीका, मानेच्या डाव्या बाजूला. महूला जनावरांच्या डॉक्टरीचं दुसरं वर्ष होतं माझं आणि वाटत होतं की बस, झाले मी डॉक्टर!

मिलमध्ये पप्पा कपड्याचे थान, म्हणजे तागे, तपासायचे. मिल बंद झाली तेव्हा त्यांनी वरातीसाठी ही घोडी घेतली. घर तिच्यावरच चालायचं.

टीका लावला होता ना, काही महिन्यांनी एक्झॅक्ट त्याच जागी सुपारीएवढी गाठ आली. मग लिंबाएवढी. वरातीत पप्पा गाठीवर जरीचं कापड ओढून घ्यायचे.

शेजारचे काका पप्पांना म्हणाले, "भिया, डॉक्टरीणबाईंना शिकायला आपलीच घोडी मिळाली का?" पप्पा हसले. मला जेवण जाईना.

शेवटी घोडी टेम्पोत चढवली आणि कॉलेजला नेली. सर चष्मा वर करून बघतच राहिले. "टीके की जगह ट्यूमर? घोडे में? मी फक्त वाचलंय."

खरं सांगते, भीती होतीच, पण आतून मी इतकी एक्साइट झाले होते की विचारू नका. सरांनी जागा बधिर करून, घोडी उभी असतानाच गाठ काढली. मी शेजारी ट्रे धरून.

"सर, माझ्या हातानं झालं का हे?"

"सुई कुणीही लावली असती तरी झालं असतं. लाखात एखादं होतं असं."

आठवड्यानं गाठीची स्लाइड तयार झाली. पप्पा पण आले. गाठ कॅन्सरची आहे, सरांनी सरळ सांगितलं. आता एकच बघायचं होतं, पूर्ण निघाली की थोडी आत राहिली. राहिली असेल तर परत वाढणार.

सर म्हणाले, "आप भी देखिए."

पप्पांनी एक डोळा मिटला, दुसरा मायक्रोस्कोपला लावला. मग म्हणाले, "मधे सगळी वीण बिघडलीय. ओंबीसारखे तिरपे धागे." सर स्लाइड हळूहळू सरकवत होते. "पण काठाला कापड चांगलं आहे. इकडे पण. चारी बाजूंनी चांगलं आहे."

सरांनी स्वतः परत बघितलं. "करेक्ट. मार्जिन क्लियर है. गाठ पूर्ण निघालीय." आणि माझ्याकडे वळून, "हे तू सांगायला हवं होतंस."

पुढच्या टीक्याला मी म्हटलं, कंपाउंडरला बोलावते. पप्पांनी घोडीची उजवी बाजू माझ्यासमोर धरली.

"लाव पटकन. संध्याकाळी तुकोगंजची वरात आहे."