बुढीबोडी

गावाखालच्या आमच्या लहान तलावाला, म्हणजे बोडीला, सगळे बुढीबोडी म्हणायचे. ती कोण्या विधवा म्हातारीनं खोदवली, अशी समजूत. खरं-खोटं कोणाला ठाऊक! पण त्या नावाला एक रीत चिकटलेली होती. पाऊस उघडायचा, धान निसवायला यायचं, तेव्हा बोडीचं तोंड उघडण्याआधी पाणी सोडणारा गडी पारावर, बोडीच्या मातीच्या बांधावर, उभा राहून ओरडायचा, "बोडी कोनाची?" सगळे म्हणायचे, "बुढीची!" मग पहिलं पाणी गावातल्या विधवांच्या बांध्यांना, धानाच्या तुकड्यांना. माझी मोठी माय, वडिलांची थोरली भावजय, त्यांतलीच. तिला एकच बांधी, तीही पार शेवटाला. पाण्याचा नंबर चुकला की धान वाळलंच.

ऐंशीच्या आसपास गावातल्या शेटनं निळा बोर्ड रंगवून आणला : लक्ष्मीसागर. बोडीखाली सगळ्यांत जास्त धान त्याचंच. लोक खूश. बुढीबोडी म्हटलं की मोहाडीच्या बाजारात आमची थट्टा व्हायची. मला मात्र संशय आला. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. कोणी फुकट काही देऊ लागलं की आधी त्याचे हात पाहायचे, हे शिकलेला. सभेत उभा राहिलो.

शेट हसला. "बाबू, नाव बदललं म्हंजे पानी खारट होते काय?"

"पानी नाही, शेटजी. नंबर बदलते."

"याच्या हाती पत्रकं नोका देऊ रे कोनी!"

सगळे हसले. मोठी मायही हसली. ते जास्त लागलं.

पाणी सोडायच्या दिवशी शेटचे गडी फावडी घेऊन सगळ्यांच्या पुढे उभे होते.

"बोडी कोनाची?"

"लक्ष्मीची!" ते एका सुरात ओरडले. एका सुरात, म्हणजे शिकवून आणलेले. पाणी सोडणाऱ्यानं शेटकडे पाहिलं.

मोठी माय पदर खोचून पुढे आली. "लक्ष्मीची तं लक्ष्मीची. पन तिचा नवरा हाये ना जी जिवंत? मंग तिले मांगून द्या. पह्यले आमाले."

असा हशा उसळला की शेटलाही हसावं लागलं. पाणी तिच्या बांधीकडे वळलं.

लोक म्हणाले, मिटलं. मला पटत नाही. बोर्ड अजून तिथंच आहे, लहान पोरं लक्ष्मीसागरच म्हणतात आणि मोठी माय थकली आहे. शेट वाट पाहतो आहे, दुसरं काय? म्हणून पाणी सुटायच्या दिवशी मी कुठंही असलो तरी गावी येतो, पारावर उभा राहतो आणि घसा बसेपर्यंत ओरडतो, "बुढीची!"