अर्ध्या अर्ध्या डिग्रीनं उतरलेला ताप

डॉक्टर झाल्यावर पुढच्या डॉक्टरेटसाठी मी हॅम्बर्गला गेले, तेव्हा दुसरी मोठी लढाई संपून दहाबारा वर्षं झाली होती. प्रोफेसरांनी माझ्या गळ्यात काय मारावं? जुन्या अमेरिकन डॉक्टरांनी पीतज्वराच्या साथीवर लिहिलेली पुस्तकं! मी मुळात तिरसट. त्या महाभागांवर वैतागायचे. कुणी म्हणे, बंदरावर सडलेल्या कॉफीच्या वासानं ताप येतो. कुणी म्हणे, गलबतातून आला. ताप आणणारा डास कानाशी गुणगुणतोय, पण यांना पत्ता नाही.

एक मात्र मानलं. रोग्याजवळ बसून रोजचं खरं लिहायचे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, रोग्यानं खायला मागितलं, घरचे हसले. पाचव्या दिवशी उलटला. स्वतःचं औषध हरलं तरी लपवायचे नाहीत.

खोलीवर आलं की बोलायला कुणी नाही. बाहेर पाऊस, घरात शिस्तीची मालकीण. अंघोळ फक्त शनिवारी. इतकं एकटं वाटायचं की पुण्याचं पत्र चारचारदा वाचायचे. परीक्षेच्या तोंडावर दादानं कळवलं, बाबांना टायफॉइड झालाय, काळजी करू नकोस. मुलीला एकटीला परदेशी पाठवायचं म्हणून साऱ्या भाऊबंदांशी भांडलेले माझे बाबा! मी लगेच लिहिलं, "रोजचा ताप कळव. मी डॉक्टर आहे, काही लपवू नकोस."

दादाची पत्रं येत राहिली. ताप रोज बरोब्बर अर्धी डिग्री कमी. संध्याकाळचा चढ नाही, की एक दिवस मागे जाणं नाही. "आज मऊ भात खाल्ला, तुझी आठवण काढली."

तिसरं पत्र उघड्या पुस्तकाशेजारी ठेवलं आणि दोन्हीकडचे ताप ताडून पाहिले. असा ताप जगात कुणाला येत नाही. दादाला मेल्याला धड थापही मारता येत नव्हती.

बाबा गेले होते. परीक्षा होईपर्यंत हिला कळवायचं नाही, असं घरात ठरलं असणार. आमच्याकडे असंच करतात. शेजारच्या मुलाचे वडील गेले, तेव्हा त्याची परीक्षा होईपर्यंत मीही गप्प बसले होते. दादाचा इतका राग आला की सांगता सोय नाही. मग रडले.

खाली जाऊन मालकीणबाईंना म्हटलं, "मला आत्ता डोक्यावरून अंघोळ करायचीय."

"आज बुधवार आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बंब पेटवायला गेल्या.

ओल्या केसांनीच दादाला पत्र लिहायला बसले. "ताप उतरतोय हे वाचून बरं वाटलं. मी परीक्षा देते. बाबांना जप."