हरलेल्याचे पेढे

पाव्हणं, आज खासदारकीचा निकाल होता, फोन करायचं विसरलात ना? मला अक्षर येत न्हाई, तरी ध्यानात मीच ठेवायचं. नात लिहून घेतीय.

आमच्या कुसगावच्या घरात दोन लेक, दोन पक्ष. प्रचारापासून दोघांचा अबोला. आपलाच उमेदवार येणार म्हणून दोघांनीबी पेढे आधीच आणून ठेवलेले.

दुपारी थोरल्याचा उमेदवार निवडून आला. थोरला गुलाल माखून दारात. मी म्हणलं, "आधी भावाचा पेढा खा, मग उंबरा ओलांड."

धाकटा आतनं पुटपुटला, "दादा, माझे खव्याचे हायत. तुझ्यासारखे नुसत्या साखरेचे न्हाईत."

थोरला म्हणला, "मग दे की! तोंड काय बघतोस?"

राज्यात कुणाचे किती आले, ते टीव्हीला ठाऊक. माझे दोन्ही एका ताटाशी आले.

तुमच्या घरात अजून कोण कुणाशी बोलत न्हाई?

आन् हो, पेढे पाठवू नका, लय झालेत. मिरचीचा ठेचा पाठवा.