ब्रशमामांचा न निघालेला डाग

तर बाटली खोकल्याच्या औषधाची होती, हे काल सांगायचं राहूनच गेलं. ब्रशमामांनी आयुष्यातला शेवाळाचा पहिला नमुना वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे नेला तो त्या बाटलीतून, आणि बाटलीवरची चिठ्ठी काही त्यांनी काढली नव्हती. चिठ्ठीवर छापलेलं, ‘वापरण्यापूर्वी चांगली हलवा.’ मामा आज्ञाधारक माणूस. बाईंच्या दारात उभं राहून त्यांनी ती अशी काही हलवली, की आत जपून आणलेल्या शेवाळाचं पार सरबत झालं. बाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली, आणि म्हणाल्या, “मामा, हे आता शेवाळ राहिलं नाही. हे जेवणानंतर दोन चमचे घ्यायचं झालं.”

बाई सत्तरीच्या, मामा पंचावन्नचे. तरी बाई त्यांना मामाच म्हणत, कारण सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. सार्वजनिक बागेच्या मधोमध दगडी कारंजं होतं आणि ते साफ करायचं काम मामांकडे. तीस वर्षं त्यांच्या हातात तारेचा ब्रश असे, म्हणून ब्रशमामा. कारंज्याच्या मध्यावर भला मोठा दगडी मासा. टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी नळातून यायचं, माशाच्या तोंडातून बाहेर पडायचं आणि त्याच्या पोटावरून ओघळत हौदात उतरायचं. दर शनिवारी हौद रिकामा करायचा, मामांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून आत उतरायचं आणि दुपारपर्यंत दगडन् दगड घासून काढायचा. कुणी बाकावर बसून बघत असेल तर मामा मुद्दाम हाक मारायचे, “या, फिरवा बोट! कुठंही फिरवा. बोटाला हिरवं लागलं तर ब्रश तुमच्या हातात देतो.” लोक खरंच बोट फिरवायचे. कोरडं ठाक! मामांची छाती इतकी फुगायची की अंगातल्या खाकी शर्टाच्या गुंड्यांना घाम फुटावा.

आता जो माणूस तीस वर्षं शेवाळ घासतो, त्याला शेवाळ कळायला लागतंच. शाळा त्यांची सातवीपर्यंत. पुस्तकातलं नाव एकाचंही ठाऊक नाही. पण पायऱ्यांवरचं लांब केसांचं निराळं, तळातलं तपकिरी बुळबुळीत निराळं, नळाच्या तोंडाशी काळं मखमली असतं ते निराळं, हे मामा डोळे मिटून सांगायचे. कारण प्रत्येकानं त्यांचं वेगळं हाड दुखायचं. केसाळ शेवाळ खांद्याला लागे, बुळबुळीत कमरेला, आणि काळं मखमली थेट मनगटात शिरे.

बाईंची आणि त्यांची ओळख अशीच झाली. एक दिवस एक म्हातारी बाई कठड्यावरून वाकून पाण्यात काहीतरी करते आहे असं दिसलं. मामा लांबून ओरडले, “ओ बाई, पाण्यात हात घालायचा नाही!”

“हात कुठे घालतेय? चमचा घालतेय.”

मामा तरातरा जवळ आले. बघतात तो खरंच चहाचा चमचा, आणि शेजारी काचेच्या बाटल्या. “शेवाळ पाहिजे होय? मग इथलं कशाला घेता? हे परवाचं बाळ आहे. जाणतं हवं असेल तर तिसऱ्या पायरीच्या मागं बघा. तिथं खांद्याचं आणि मनगटाचं, दोन्ही एकत्र मिळेल.”

बाई तशाच वाकलेल्या अवस्थेत त्यांच्याकडे बघत राहिल्या. पूर्वी त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर वह्या-कागदांच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन राहायच्या आणि दरवर्षी एक पातळशी यादी छापायच्या. आपल्या भागात त्या वर्षी नव्यानं सापडलेल्या, नाहीतर अगदी क्वचित दिसणाऱ्या रानवनस्पती, शेवाळं, बुरशा, सगळ्यांची नोंद त्या यादीत. एका खोलीत त्या झोपायच्या. दुसऱ्या खोलीत छतापर्यंत बुटांची रिकामी खोकी रचलेली आणि खोक्यांत कागदाच्या घड्यांमध्ये वाळवलेली पानं, अळंब्या, दगडफुलं. टेबलावर जुना सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यावर पावसाळी टोपी, धूळ बसू नये म्हणून. मामांना ती खोली बघताक्षणी आवडली. फक्त खिडकीच्या कडेवर बोट फिरवून ते म्हणाले, “बाई, इथं जरा लक्ष द्यायला पाहिजे.”

तेव्हापासून शनिवारी काम संपलं की मामा बाटली घेऊन बाईंकडे जायचे. बाई नळीला डोळा लावायच्या, मग मामांना बघू द्यायच्या, आणि मामा म्हणायचे, “अरेच्चा, हे तर कमरेचं!” बाई त्याचं पुस्तकी नाव सांगायच्या आणि दोघंही खूश.

यादीत नोंद जायची तर बाईंचे नियम कडक. काय सापडलं, कशावर सापडलं, कुणाला, कधी, आणि नेमकं कुठं. नेमकं म्हणजे नेमकं. “गावाबाहेर” म्हटलं की बाई पेन खाली ठेवायच्या. शिवाय स्वतः त्या जागी जाऊन, ते तिथं जिवंत वाढताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या एक ओळसुद्धा लिहीत नसत. मागं शाळेच्या शिपाईबाईला नळामागच्या भिंतीत एक दुर्मीळ नेचं सापडलं होतं. नोंदीत बाईंनी इमानेइतबारे लिहिलं, ‘हा नळ सहा वर्षं गळतो आहे.’ यादी छापून आली, हेडमास्तरांनी वाचली, आणि दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्त! नेचं पंधरवड्यात वाळून गेलं. तेव्हापासून बाई यादीआधी एक पत्र पाठवायच्या: ‘कृपया काहीही सुधारू नये.’

आणि मग तो शनिवार उगवला. हौद रिकामा होता आणि मामा माशाच्या पोटाखाली ब्रश घेऊन आडवे झाले होते. तिथं तळहाताएवढा एक लाल डाग होता. फार जुना. कुणाला दिसायचा नाही, कारण दिसायचा तर हौदात उताणं पडावं लागे, आणि मामांशिवाय गावात तसं कुणी पडत नसे. मामांना वाटायचं, आतल्या नळाचा गंज उतरलाय. घासला, खरवडला, पार हात टेकले, पण डाग हलेना. शेवटी त्यांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. एकदा बसले की उठायचं नाव नाही, आणि बोलायची सोय नाही.

त्या दिवशी दगडाचा एक टवका आपणहून सुटला आणि मामांच्या कपाळावर पडला. टवक्यावर लाल. मामांनी तो उन्हात धरला. गंज असा ओला, असा गुळगुळीत नसतो. टवका मुकाट्यानं बाटलीत गेला.

बाईंनी नळीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, “विटांसारख्या रांगा आहेत. मामा, हे शेवाळ आहे.”

“लाल?”

“लाल. सावलीत, वाहत्या स्वच्छ पाण्यात, दगडाला असं चिकटतं की त्वचाच म्हणा. आपल्या सबंध भागात आजवर कुणालाच दिसलेलं नाही. कुठं मिळालं?”

घोडं अडलं ते इथं. माशाच्या पोटाखाली म्हणावं, तर यादीत छापून येणार, ‘कारंज्याच्या न घासलेल्या भागावर’. यादीची एक प्रत बागेच्या साहेबांकडे जायची, एक वाचनालयात टांगली जायची. बोट फिरवा म्हणून तीस वर्षं गावाला आव्हान देणाऱ्या माणसाच्या हौदात तीस वर्षांचा डाग! मामांच्या तोंडून निघून गेलं, “ओढ्यात. लाकडी पुलाखाली.”

बाईंनी ते तेवढ्याच विश्वासानं वहीत लिहून घेतलं.

पुढचे दोन आठवडे मामांना जेवण गोड लागेना. त्यात बागेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, की येत्या सोमवारी सगळं कारंजं ग्राइंडर लावून चकाचक करायचं, माशासकट. मामांनी हुकूम पुन्हा पुन्हा वाचला. ब्रशला जे जमलं नाही ते ग्राइंडरला पाच मिनिटांचं काम. गावात एवढं एकच, आणि ते सोमवारी धूळ होऊन उडणार.

शनिवारी घरी जाताना मामा पुलावर आले, तर खालून हाक आली, “मामा! त्रेचाळीस दगड झाले!”

बाई. गुडघाभर पाण्यात, एका हातात काठी, दुसऱ्या हातात भिंग, डोक्यावर सूक्ष्मदर्शकाची ती पावसाळी टोपी.

“बाई, वर या हो! घसराल!”

“येते की. पलीकडचे तेवढे सात बघते. सापडणार मामा, तुम्ही म्हणालात म्हणजे असणारच.”

मामांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी बायको शिलाईयंत्रावर बसली होती. ती पडदे शिवून द्यायची. मामा बूट न काढताच खुर्चीत बसले, तेव्हाच तिनं पाय थांबवला. “काय झालं? ब्रश हरवला का?”

मामांनी सगळं सांगितलं. डाग, टवका, ओढा, त्रेचाळीस दगड. बायको आधी हातातला पडदा नीट करत ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मग तिनं तो पडदा तोंडावर धरला आणि अशी हसत सुटली की सुई-दोरा सगळं खाली.

“हसायला काय झालं?”

“तीस वर्षं!” तिला बोलता येईना. “तीस वर्षं माझ्या कपाटावर येऊन बोट फिरवताय. ‘इथं धूळ आहे गं, तिथं धूळ आहे गं.’ आणि स्वतःच्या माशाखाली...”

“ते शेवाळ आहे! दुर्मीळ आहे!”

“माझ्या कपाटावरचंही बाईंना दाखवा मग. दुर्मीळ निघालं तर मीही छापून येईन.” तिनं डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. “हे बघा, तुमच्या अब्रूपायी ती म्हातारी थंड पाण्यात उभी आहे. आणि परवा ते यंत्र येतंय. तुम्ही कधीचं ठरवलंय काय करायचं ते. फक्त माझ्याकडून ऐकायचं होतं. उद्या जा.”

रविवारी सकाळी मामा बाईंच्या दारात उभे. बाईंचे पाय गरम पाण्याच्या टोपात होते. मामांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला. तो पुसता पुसता त्या म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यांचं सोडा. पण मी तो ओढा छापला असता तर काय झालं असतं कळतंय का? पन्नास वर्षांनी कुणीतरी तिथं शोधायला आलं असतं, त्याला सापडलं नसतं, आणि त्यानं लिहिलं असतं, ‘या भागातून नाहीसं झालं.’ जिथं कधी नव्हतंच तिथून नाहीसं! आणि खरं जिथं होतं तिथं कुणी बघितलंच नसतं.”

“चुकलं बाई.”

“चुकलंच. आता तो टॉवेल द्या, आणि चला.”

त्याच सकाळी मामांनी बाईंसाठी हौद रिकामा केला. बाई उताण्या झोपल्या, भिंग लावलं, आणि आतून आवाज आला, “अगंबाई!”

सोमवारी यंत्रवाला आला तेव्हा मामा माशासमोर उभे होते, ब्रश आडवा धरून. “साहेबांना बोलवा. त्याशिवाय वायर लावू नका.”

साहेब आले. अंगानं भरलेले, इस्त्रीची पँट, हातात फाईल. “मामा, तुम्ही आणि साफसफाईला आडवे? तब्येत बरी आहे ना?”

“साहेब, माशाच्या पोटाखाली तळहाताएवढी जागा आहे, ती मी कधीच साफ करू शकलो नाही. गावाला उगीच बोट फिरवायला लावत होतो. पण तिथं जे आहे ते या भागात दुसरीकडे कुठंच नाही. ते घासू नका. माझ्या कामाच्या पुस्तकात काय शेरा मारायचा तो मारा.”

बाई कठड्यावर बसल्या होत्या. त्यांनी पत्र पुढं केलं. साहेबांनी वाचलं: ‘कृपया काहीही सुधारू नये.’ “हे कसलं पत्र?” असं म्हणत त्यांनी पँटकडे बघितलं, हौदाकडे बघितलं, फाईल बाईंच्या मांडीवर ठेवली आणि उतरले. उताणं व्हायला त्यांना यंत्रवाल्याचा हात धरावा लागला. माशाखालून फक्त त्यांचे बूट दिसत होते. बराच वेळ बूट हलले नाहीत.

“लाल आहे हो,” आतून आवाज आला. मग थोड्या वेळानं, “सुंदर आहे.”

बाहेर आल्यावर पाठ झटकत त्यांनी यंत्रवाल्याला सांगितलं, की हौद, पायऱ्या, कठडा सगळं घास, पण माशाला हात लावायचा नाही. बाईंनी तिथंच वही उघडली आणि लिहायला घेतलं: बागेतलं कारंजं, दगडी माशाच्या पोटाची खालची बाजू, शेपटीकडून एक हात. सापडलं कुणाला, तर कारंजं साफ करणाऱ्या मामांना. साहेब ते खांद्यावरून वाचत होते. वाचून झाल्यावर ते मामांकडे वळले. चेहरा साहेबाचा, पण मिशीखाली हसू दाबलेलं.

“म्हणजे मामा, खरं सांगा. तीस वर्षांत इथं ब्रश लागलाच नाही?”

मामा म्हणाले, “लागला हो साहेब, पहिली चार वर्षं दर शनिवारी लागला. एक दिवस बघतो तर माझा ब्रश झिजलेला, आणि हे होतं तसंच. तेव्हाच मी विचारायला पाहिजे होतं, की बाबा रे, तू आहेस तरी कोण? ते विचारायला मला सव्वीस वर्षं लागली, तेवढा शेरा मात्र जरूर मारा.”