पांढऱ्याला विटाळ नाही

आमच्या कुंडलच्या घरी बायकांच्या दुखण्याला एकच कायदा होता आणि तो माझ्या सासूचा होता. तांबड्याला विटाळ, पांढऱ्याला नाही. तांबडं दिसलं की पाच दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत, गोणपाटावर. पांढरं कितीही जावो, त्याला धुपणी म्हणायचं, उष्णता झाली म्हणायचं, तांदळाचं धुवण प्यायचं आणि भाकऱ्या थापायला बसायचं. दुखतंय का, वास येतोय का, खाज सुटते का, हे कुणी कुणाला विचारत नसे. मी साताऱ्याच्या कारकुनाची मुलगी, मराठी सात इयत्ता शिकलेली. पण मलाही ते विचारावंसं कधी वाटलं नाही.

सासूला मी आत्याबाई म्हणे. बाई फार कडक. नुसती कंबर दुखते म्हटलं तरी डाग दिसायच्या आधीच मला पडवीत धाडायची. नवरा लढाईवर होता, मधे एकदाच रजेवर येऊन गेलेला. घरात मामंजी, ती आणि मी. दोन वर्षांत तिनं मला एकदाही माहेरी पाठवलं नव्हतं. तिचा मला राग होता, तो आता कशाला लपवू?

तिचा स्वतःचा विटाळ बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्यामुळे देव तिचे, चूल तिची, नैवेद्य तिचा. घरातलं सगळं धुणं मात्र माझ्याकडं. त्या वर्षी श्रावणात ती आपलं लुगडं आपणच धुऊ लागली. मला वाटलं, सुनेचं धुणंही आता हिला पसंत पडेना. एके दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर विहिरीवर गेले, तर ती तिथं लुगडं चोळत बसलेली. डाग धड तांबडा नव्हता, पांढराही नव्हता. मटणाच्या धुवणाचा असतो तसा रंग. आणि तो वास. आठवडाभर मला तो घरात येत होता, आणि उंदीर मेला असेल म्हणून मी सगळी फडताळं उपसली होती.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हंडा भरला आणि घरी आले. खरं सांगते, मला आधी काळजी वाटलीच नाही. मला वाटलं, सापडली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. मला पडवीत धाडणारी ही बाई असल्या डागानिशी देवाला शिवत होती.

त्या संध्याकाळी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा आला. पुढच्या महिन्यात पडवीत तिनं स्वतः वाकळ आणून टाकली. दिवाळीला मामंजींना म्हणाली, "पोरीला साताऱ्याला धाडू या की. आईची आठवण येत आसंल." मी गेले. पंधरा दिवस राहिले, आईच्या हातचं खाल्लं, आणि आईला यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बभ्रा झाला असता आणि माझं माहेर पुन्हा बंद झालं असतं, एवढं मला बरोबर कळत होतं.

परत आले तेव्हा आत्याबाई ओळखू येईना. चोळी खांद्यावरून घसरत होती. भाकरी थापता थापता कमरेला हात लावून थांबायची. तेव्हा कुठं मला काळजी वाटू लागली. ती परसात गेली की परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागेना. जेवताना मी तिचे घास मोजायचे. मामंजींना सांगावं, तर सुनेनं सासऱ्यापुढं हे बोलायचं कसं? नवऱ्याला लिहावं, तर पलटणीतली पत्रं साहेब लोक फोडून वाचत. शेवटी मी तिलाच म्हणाले, "आत्याबाई, मिरजेला जाऊ. तिथं बाई डॉक्टर आहे."

"आन् काय सांगू? इतकं दिस देवाला बाटवलं म्हणून?" ती म्हणाली. मरणापेक्षा तिला त्याची जास्त भीती होती.

संक्रांत झाल्यावर मीच युक्ती काढली. पोरगा रजेवर येऊन गेला तरी सुनेला दिवस राहिले नाहीत, तिला धुपणी आहे, दाखवून आणते, असं तिनं मामंजींना सांगितलं. पांढऱ्याचं निमित्त चालून गेलं.

डॉक्टरीणबाईंनी अर्थात मलाच आधी विचारलं. मी आत्याबाईकडं बोट दाखवलं. कधीपासून? रंग कसा? वास? कंबर, ओटीपोट दुखतं? ती जमिनीकडं बघत उत्तरं देत गेली. श्रावणापासून, म्हणाली. बाई मग आम्हा दोघींनाही म्हणाल्या, "थोडं पांढरं सगळ्यांनाच जातं, त्याला भ्यायचं नाही. पण दह्यासारखं होऊन खाज सुटली, रंग पालटला, घाण वास आला, ओटीपोट दुखून ताप आला, तर दाखवायचं. आणि विटाळ बंद झालेल्या बाईला थेंबभर जरी तांबडं दिसलं, तर त्याच आठवड्यात यायचं. दुखत नसलं तरी."

तपासून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती आणि ती पसरली होती. मुंबईला नेऊन रेडियमचे शेक देता येतील. श्रावणातच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तू घरात होतीस ना? तुझ्या काहीच ध्यानात आलं नाही?"

सांगावं, की न सांगावं?

"ती लेकरू हाय," आत्याबाई म्हणाली. "तिला काय ठावं? मीच लपीवलं."

मी मान खाली घातली आणि ते तसंच राहू दिलं. मुंबईला नेलं, शेक दिले. आषाढात ती गेली. तोवर दुखणं विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायची, की सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मी तिथंच बसून तिचे पाय चेपत असे.