मामाच्या कढईतली वाळू

माझा मामा समुद्रकिनाऱ्यावर हातगाडी लावून शेंगदाणे भाजून विकतो. कढईत वाळू तापवायची, तिच्यात दाणे टाकायचे आणि झाऱ्याने हलवत राहायचं. दाणे सगळीकडून सारखे खरपूस होतात. त्यांना कोणी नावं ठेवली की मामा दिवसभर घुश्श्यात. सूट फक्त एका निवृत्त पोस्टमनना. ते रोज संध्याकाळी येत, चार दाणे तोंडात टाकत, "मीठ कमी आहे" म्हणत आणि दोन पुड्या घेऊन जात. मामाने मीठ कधीच वाढवलं नाही.

एके दिवशी त्यांनी दाणा नुसता हुंगला, पुडी परत ठेवली आणि निघून गेले. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानेही हुंगून पाहिलं, तर जळक्या पिशवीचा वास.

पहिला संशय कढईवर, दुसरा ती घासणाऱ्या मामीवर आणि तिसरा शेजारच्या चहावाल्यावर. चहावाल्याशी तर मामा कडाकडा भांडला. मग वाळूच जुनी झाली असं ठरवून ती फेकली आणि किनाऱ्यावरून ताजी आणली. वास वाढला. म्हणून आणखी ताजी आणली, तर वास आणखी वाढला. गिऱ्हाइकं पांगली. वडिलांपासून चालत आलेली गाडी बंद करायची वेळ आली. मामा जेवेना.

शेवटी मामी वैतागून वाळू धुवायला बसली. बादलीत पाणी ओतून ढवळलं, तर वाळू तळाशी आणि वर निळे, हिरवे, पांढरे कण तरंगताहेत. तिने चिमूटभर गरम कढईत टाकले. तोच वास.

"बाटल्या, दोर, पिशव्या. समुद्राने सगळ्याचा भुगा केलाय," मामी म्हणाली, "आणि तुम्ही तो बादल्या भरभरून घरी आणताय."

पहिल्यांदा वास आला त्याच्या आदल्याच दिवशी जुन्या वाळूत किनाऱ्यावरची मूठभर नवी मिसळली होती, ते मामाला आता आठवलं. लोकांना काय खाऊ घातलं, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यात आधी तो चहावाल्याची माफी मागून आला.

आता रोज सकाळी मामीची पिठाची चाळणी आणि दोन बादल्या घेऊन मामा किनाऱ्यावर असतो. चाळतो, खाऱ्या पाण्यात ढवळतो, वरचा कचरा काढून टाकतो. कढईपुरती वाळू केव्हाच झाली, पण गाडीसमोरचा पट्टा स्वच्छ केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. भरती रात्रीतून पुन्हा कचरा आणून टाकते. मामीने नवी चाळणी घेतली.

"समुद्र चाळून झाला की सांगा, चहा पाजतो," चहावाला म्हणतो.

"तू आधी चहा नीट गाळायला शीक," मामा म्हणतो.

पोस्टमनना बोलवायला मामा स्वतः त्यांच्या घरी गेला. ते आले. दाणा बराच वेळ हुंगला, मग सावकाश चावला. मामाच्या हातातला झारा थांबला होता.

"मीठ कमी आहे," पोस्टमन म्हणाले.

मामाने दोन पुड्या बांधल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मिठाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.