सही केल्यानंतरची दुरुस्ती

छापखान्यात त्यांना सगळे 'रफार' म्हणत, कारण ते कायम दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेले असत. मुद्रितशोधकाला याहून चांगलं नाव मिळणार नाही, असं ते स्वतःच हसत हसत सांगत. निवृत्तीनंतर बसायला डोकं उरलं नाही. औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचनांतल्या चुका काढून झाल्या की त्यांचा दिवस संपे.

मुलगी परगावी होती. मध्यंतरी कुणीतरी तिला बाबांच्या नावाने बनावट मेल पाठवली. "दुसऱ्याच ओळीत 'आणी' लिहिलं होतं, तेव्हाच कळलं तुमची नाही," ती म्हणाली. रफारांची छाती फुगली. पण चोर शुद्धलेखन शिकले तर काय घ्या! म्हणून तिने त्यांच्या संगणकावर डिजिटल सही बसवून दिली. मजकूर लिहायचा, बटण दाबायचं, खाली अगम्य अक्षरांचा ठोकळा उमटतो. ते सगळं उचलून मेलमध्ये टाकायचं. मेल कुलूपबंद करायचीही सोय होती, पण आपलं लिखाण चोरून वाचण्याइतकं रिकामटेकडं कुणी नाही, हे रफारांना ठाऊक होतं.

एके दुपारी तिची मेल आली. "तुमच्या गावातल्या शाखेत बदली मिळतेय. तुमच्याकडे राहायला येऊ का? फोनवर आईच बोलते, तुम्ही नुसतं 'हं' म्हणता. मागच्या खेपेला तुम्ही माझं प्रत्येक वाक्य सुधारलंत, तेव्हा वाटलं, मी तुम्हाला नकोच आहे. उत्तर तुमच्या सहीने पाठवा. संध्याकाळपर्यंत ऑफिसला कळवायचंय."

रफारांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी पानभर लिहिलं, सही केली, मेलमध्ये टाकलं आणि सवयीने एकदा वाचलं. एक स्वल्पविराम खटकला. तो काढून मेल पाठवली.

"सही जुळत नाही," तिचं उत्तर आलं. "सही झाल्यावर मजकुरात कुणीतरी हात घातलाय."

कुणीतरी! दुसऱ्या खेपेला सही केल्यावर त्यांनी 'तथापि'चं 'पण' केलं. पुन्हा तेच.

"अहो, छपाईला सही दिल्यावर शब्द बदलणाऱ्या लेखकांवर तुम्हीच खेकसायचात ना?" बायको मागून म्हणाली.

रफार ओशाळले. ज्यांना त्यांनी जन्मभर गाढव म्हटलं, त्यांच्यात आज त्यांचाच पहिला नंबर होता.

"बाबा, नक्की तुम्हीच आहात ना? ऑफिस सुटायला आलं."

त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'ये. तूझी खोली रिकामीच आहे. मला तू हवी आहेस.' सही केली, मेलमध्ये टाकलं आणि 'तूझी' दिसलं. दीर्घ! हात शिवशिवले. पण पुन्हा लिहायला घेतलं तर परत पानभर होणार, इतकं ते स्वतःला ओळखून होते. डोळे मिटून त्यांनी मेल पाठवली.

"सही जुळली! नुसतं 'तूझी' पाहिलं असतं, तर हे माझे बाबा नव्हेतच म्हणून पुसून टाकलं असतं. येतेय, पुढच्या महीन्यात."

'महीन्यात'मधली चूक त्यांना अर्थातच दिसली. त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे पुसले आणि आतल्या खोलीकडे हाक मारली, "अगं, पोर येतेय!"